स्प्रिंग कापणाऱ्या मिस्तरींना खुले पत्र

मिस्तरी,

माझ्या पुतण्याने घेतलेल्या जुन्या हॅचबॅकच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा आमच्या पडवीत पडून आहेत. त्या तुम्ही कापलेल्या आहेत. तुमचं नाव गाडीच्या आधीच्या मालकाने सांगितलं, आणि तेही कौतुकाने: इनामगावपासून दौंडपर्यंत गाडी बसवावी तर यांनीच. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण हा उद्योग करणारे तुम्ही एकटे नाही. पण पत्र तुम्हालाच आहे, आणि ते चावडीवर कुणी मोठ्याने वाचलं तरी माझी ना नाही.

गाडी जमिनीलगत दिसावी, या हौसेवर माझा राग नाही. ही हौस जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली मेक्सिकन वंशाची पोरं डिकीत वाळूची पोती टाकून आणि स्प्रिंगा कापून गाड्या खाली बसवत होती. १९५८ मध्ये तिथे कायदाच आला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. हौस त्यांचीही तीच होती मिस्तरी, पण त्यांनी डोकं चालवलं. तुम्ही ग्राइंडर चालवलात.

आता तुमच्या कामाकडे येतो. या गाडीला आधीच बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. म्हणजे ती कंपनीच्या उंचीपेक्षा खाली आलेलीच होती. त्या स्प्रिंगा बनवणाऱ्याने तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि मोकळी लांबी यांचा काहीतरी हिशेब मांडला होता. मग मालक म्हणाला, मागून अजून दोन बोटं उंच दिसते. तुम्ही टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घातलीत, मान डोलावलीत आणि पायजम्याची उंची कमी करावी तसा मागच्या प्रत्येक स्प्रिंगचा एक राउंड उडवलात. कागद नाही, पट्टी नाही, वजनकाटा नाही.

तो हिशेब तुम्ही केला नाहीत, म्हणून मी करून दाखवतो. समजा, स्प्रिंगला काम करणारे सहा वेढे आहेत आणि ती एक मिलिमीटर दबायला अडीच किलो वजन लागतं. एक वेढा काढला की उरलेली स्प्रिंग मऊ होत नाही, कडक होते. सहाच्या जागी पाच वेढे, म्हणजे आता त्याच एका मिलिमीटरला तीन किलो. मागच्या एका चाकावर अडीचशे किलो भार धरला, तर आधी ती १०० मिलिमीटर दबत होती, आता ८३ दबते. वेढ्याबरोबर लांबी ४५ मिलिमीटरने गेली, पण कडकपणामुळे १७ परत आले. गाडी प्रत्यक्षात २८ मिलिमीटर खाली बसली. बोटांनी मोजणाऱ्याला हे आकडे कधी दिसणारच नाहीत. म्हणून तुमच्याकडे आलेली गाडी एकदा कापून भागत नाही, दुसऱ्यांदा कापावी लागते.

खरा धोका मात्र गाडी उभी असताना दिसत नाही. या गाडीच्या मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. स्प्रिंग आडव्या बीमवरच्या वाटीत नुसती बसलेली असते, तिला बोल्ट नाही. तिला जागेवर धरून ठेवतो तो फक्त दाब. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबतं, तेव्हाही थोडा दाब शिल्लक राहील इतकी तिची मोकळी लांबी ठेवलेली असते. समजा हा शिल्लक दाब १० मिलिमीटरचा होता. तुम्ही ४५ कापलेत. आता चाक पूर्ण खाली गेलं की वाटी आणि स्प्रिंगमध्ये ३५ मिलिमीटरची मोकळी फट पडते. चाक परत वर येताना स्प्रिंग आपल्या जागी बसेल की तिरकी बसेल, हे नशिबावर. न्हावऱ्याहून इनामगावमार्गे काष्टीकडे जाताना पुतण्याला प्रत्येक खड्ड्यानंतर मागून जो ठोका ऐकू यायचा, तो हाच. तो समजत होता की स्टेपनी सैल आहे. गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा कापलेल्या टोकाने वाटीचा रबर चिरून पत्र्याला खाच पाडलेली दिसली.

आणि ते टोक! मूळ स्प्रिंगचं टोक वाटीत सपाट टेकेल असं वळवलेलं असतं. तुमचं टोक कापलेल्या सळईसारखं उघडं. ना रंग, ना घासून केलेली गोलाई. तिथूनच गंज लागतो आणि गंजलेल्या जागीच तडा जातो. एका स्प्रिंगच्या टोकाशी लोखंड निळंकाळं पडलं आहे. म्हणजे तिथे तुम्ही ग्राइंडरचेही कष्ट घेतले नाहीत, गॅस कटर लावलात. स्प्रिंगचं पोलाद आधी तापवून तेलात विझवतात, मग साधारण चारशे-साडेचारशे अंशांवर पुन्हा तापवून त्याला पाणी देतात. तिची सगळी ताकद त्या पाण्यात असते. तुमच्या ज्योतीने कापाजवळचं पाणी उतरलं. वर घाईत बादलीतलं पाणी मारलं असेल, तर तो भाग काचेसारखा ठिसूळ झाला असणार.

हे तुम्ही इनामगावच्या मातीत करता, याचा मला जास्त संताप आहे. घोड नदीच्या काठावरच्या इथल्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत कुंभाराची भट्टी सापडली. त्या काळातली जोर्वे पद्धतीची भांडी आजही टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात, कारण भाजणाऱ्याला आच किती द्यायची ते कळत होतं. आणि एवढं लांब जायलाही नको. याच शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यात नेक्सॉन आणि जीप कंपास तयार होतात. आपल्याकडची पोरं तिथे पाळीवर जातात, प्रत्येक बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच आवळतात. तुमच्या दारातून जाणारा एखादा कामगार उभा करा आणि विचारा, तुमची स्प्रिंग त्याच्या लाइनवर पास होईल का.

रस्त्याचंही सांगतो. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गावांतले गतिरोधक किती नियमाने बांधलेले असतात, ते तुम्हाला माहीत आहे. स्विफ्टसारख्या गाडीला कंपनी पोटाखाली १६३ मिलिमीटर जागा देते. लोअरिंग स्प्रिंग आणि तुमचा काप मिळून साठ गेले, की नियमातला गतिरोधकसुद्धा पोटाला लागायच्या बेतात येतो. त्यात घरची पाच माणसं बसवून सिद्धटेकला निघा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रेलरमधून पडलेला चिखल आणि चिपाडं रस्त्यावर असतात. मागून कडक केलेल्या गाडीची शेपूट अशा वळणावर आधी सुटते. स्टिअरिंगवर एकोणीस वर्षांचं पोर असतं मिस्तरी, तुम्ही नसता.

कायद्याने तुम्ही सुखरूप आहात, हेही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीतल्या बदलांवर बंधनं घातली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण ती शिक्षा मालकाला. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं, तर तेही मालकाकडेच. तुम्ही बिल देत नाही, पावती फाडत नाही, त्यामुळे कापणारा हात कुठल्याच कागदावर नाही.

गाडी नीट खाली करायची तर रस्ता आहे. उंची कमीजास्त करता येणारे, आटे पाडलेले कॉइलओव्हर मिळतात. लोअरिंग स्प्रिंगच्या जोडीला आखूड शॉकअप मिळतात. उंची जुळत नसेल तर स्प्रिंग परत करून योग्य नंबरची मागवता येते. महाग पडतं, वेळ लागतो. गिऱ्हाइकाला ते परवडत नसेल, तर गाडी आहे तशी राहू दे म्हणून सांगा. नाही म्हणणं हेही मिस्तरीचं काम आहे.

माझं मागणं एकच. तुमच्या मोबाइलमध्ये या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. ज्यांच्या गाड्या तुम्ही कापल्यात, त्या प्रत्येकाला फोन करा, गाडी परत बोलवा, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीने नव्या बसवा आणि अलाइनमेंट करून द्या. गाडी पुढे विकली गेली असेल, तर नव्या मालकाचा पत्ता काढा. हे सगळं पावसाळ्याआधी करा.