कोटा संपला म्हणजे नेमकं काय झालं

डिस्क कोटा म्हणजे एकाच संगणकावर अनेकांची खाती असताना कोणी किती जागा वापरायची याची हद्द. ही सोय १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्समधून आली. लिहिली मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांनी. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालणारी कोट्याची साधनं कामाला चोख आहेत. घोळ आहे तो त्यांच्या माहितीपत्रकात. ते मराठी करून नंदुरबार जिल्ह्यात वाचायला दिलं, की पहिल्याच शब्दाला ठेच लागते.

धडगाव-अक्कलकुव्याकडे रेशनचा कोटा ‘येतो’. गाडी लागते, पोती उतरतात, कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. कोटा संपला म्हणजे दुकान रिकामं झालं. संगणकात कोटा संपला म्हणजे कोठार भरलं. त्यामुळे ‘आपण आपला कोटा ओलांडला आहे’ हे वाक्य वाचून इथला माणूस आधी खूश होतो, मग जास्तीचं कुठे ठेवलंय ते शोधतो. सुधारलेला मजकूर असा हवा : ‘तुमच्या नावावरची जागा भरली. काही पुसा, मग लिहा.’

पुढे दोन मर्यादा भेटतात. शब्दकोशाच्या भरवशावर त्यांचं ‘मऊ मर्यादा’ आणि ‘कठीण मर्यादा’ होतं. मऊ भाकरी असते, मर्यादा नसते. बाजाराच्या दिवशी धडगावला निघालेली जीप हा फरक न शिकवता दाखवते. सीटा भरल्या ही पहिली हद्द. तरी माणसं चढतात, ड्रायव्हर फक्त ‘सरका थोडं’ म्हणतो. टप आणि मागची पायरीही भरली ही दुसरी; तिथे सरपंचाचा पाहुणाही खालीच राहतो. तेव्हा पहिली ‘इशाऱ्याची हद्द’ आणि दुसरी ‘पक्की हद्द’ म्हणावी.

दोन्हींच्या मधल्या सवलतीला काही जण ‘कृपाकाळ’ म्हणतात. त्याने पोथी उघडल्यासारखं वाटतं, ‘मुदत’ पुरे. ती सहसा ७ दिवसांची. मुदत टळली की इशाऱ्याची हद्दच पक्की होते, असं मूळ पत्रक सांगतं आणि थांबतं. वाचणाऱ्याला वाटतं, आता फायली उडणार. तसं नसतं : टपावर बसलेल्याला कोणी उतरवत नाही, नवा तेवढा घेत नाहीत. हे एक वाक्य वाढवलं तर बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरेल.

कोट्याच्या अहवालात नावाऐवजी नुसता क्रमांक दाखवणारा एक पर्याय आहे, त्याला हात लावायची गरज नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आकड्याने ओळखलं जाण्याची इथे सवय आहे.

मापाचं मात्र सांगायलाच हवं. हद्द ठरवताना नुसता आकडा टाकला की तो किलोबाइटमध्ये धरला जातो. ५०० एमबी द्यायच्या हिशेबाने कोणी ‘५००’ टाकतो, आणि समोरच्याचा पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचा एक फोटोसुद्धा मावत नाही.

सर्वांत वाईट अवस्था अहवालाच्या तक्त्याची. खातेदाराच्या नावापुढे दोन चिन्हं असतात, पहिलं जागेचं, दुसरं फायलींच्या संख्येचं. तिथे अधिक म्हणजे वाईट आणि वजा म्हणजे ठीक. बँकेच्या पासबुकाच्या बरोब्बर उलट. मुदतीच्या रकान्यात ‘काही नाही’ अशा अर्थाचा शब्द दिसला, की वाचणारा ‘मुदतीचं बंधन नाही’ असं समजून निवांत होतो. त्याचा अर्थ मुदत संपली. तिथे ‘संपली’च छापावं.

आणि शून्य. रेशनच्या रजिस्टरात नावापुढे शून्य म्हणजे काही मिळणार नाही. संगणकात शून्य म्हणजे हद्दच नाही. एखाद्याला जागा द्यायचीच नाही म्हणून कोणी ठसक्यात शून्य भरलं, तर डिस्कवर असेल नसेल ती सगळी जागा त्याला मोकळी होते. अडवायचंच असेल तर १ भरावा लागतो.