सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती नेमानं वाचणाऱ्याची हळूहळू अशी खात्री पटते, की या शहरात मोटार बाळगणारी माणसं तीनच प्रकारची आहेत: डॉक्टर, निवृत्त बँक अधिकारी आणि ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे असे काका-काकू. यांतलं कुणीही गाडी खड्ड्यात घालत नाही, क्लचवर पाय ठेवून बसत नाही आणि रविवारी सारसबागेच्या पलीकडे जात नाही. गाडी 'सिंगल ओनर', 'शोरूम मेंटेन' आणि अर्थातच 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' असते. मग रोज संध्याकाळी वारज्याच्या उड्डाणपुलापाशी हॉर्न वाजवत उभ्या असलेल्या गाड्या कुणाच्या, असं विचारणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून बाद समजावा.

वारजे माळवाडीतल्या एका गृहस्थांनी तो प्रश्न विचारला नाही. (गृहस्थ काल्पनिक आहेत. त्यांच्यावर जे गुदरतं ते मात्र कायद्याच्या पुस्तकाला धरून आहे.) त्यांनी चार लाख साठ हजारांना डॉक्टरांची गाडी ठरवली. एक लाख रोख, बाकीचं कर्ज. ट्रायल बायपासवर, सपाटीला, एसी बंद ठेवून झाली. "एसी कशाला लावता साहेब, हवा किती छान आहे!" असं शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, आणि गृहस्थांना तो निसर्गप्रेमी वाटला.

त्या दिवशी दुकानातल्या टेबलाभोवती कसा एकोपा होता! गाडी विकणारा, कर्ज करून देणारा, विमा काढणारा आणि आरटीओचं काम बघणारा एजंट असे चौघे एकमेकांना भाऊ म्हणत होते, एकाच थर्मासमधला चहा पीत होते आणि एकच पेन फिरवत होते. गृहस्थांनी सदतीस ठिकाणी सह्या केल्या. त्यांतली एक सही 'गाडी जशी आहे तशी, संपूर्ण तपासून घेतली' या ओळीखाली होती. ती ओळ वाचायला भिंग लागलं असतं, आणि थर्मास ठेवणाऱ्या दुकानात भिंग ठेवत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात डुक्कर खिंडीचा चढ लागला, एसी चालू होता, आणि तापमानाचा काटा जो वर गेला तो खाली आला नाही. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आधी "हेड गॅस्केट गेलंय" असं सांगितलं. मग संशय येऊन त्यानं मागच्या सीटखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ होता, सीटच्या रुळांना गंज होता आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांची गाडी पोहून आली होती.

पुण्याला हे नवं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं गाड्या उचलून एकमेकींवर रचल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. विमा कंपनीनं हात झटकल्यावर ती लिलावात जाऊ शकते, धुतली जाऊ शकते, वास जाईपर्यंत उन्हात उभी राहू शकते आणि दुसऱ्या जिल्ह्यातून नव्या सीटकव्हरसह परत येऊ शकते. ती आल्यावर तिचा मालक डॉक्टर होतो.

विकणाऱ्याला खरं माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं, या एका गोष्टीवर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींचंच उदाहरण घेऊन निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला. २००१ साली अकरलॉफना नोबेल मिळालं. शोध वारज्याच्या कुठल्याही गॅरेजात फुकट मिळाला असता, हा भाग वेगळा.

आता गृहस्थ दुकानात गेले. विकणारा म्हणाला, "मशीन आहे साहेब, मशीनची गॅरंटी कोण देणार? आणि सही तुमचीच आहे ना?" कर्ज देणाऱ्या कंपनीत फोन केला तर तिथल्या मधाळ आवाजानं कळवलं, की गाडी तुम्ही निवडली, आम्ही फक्त पैसे दिले. विमावाला म्हणाला, पाणी माझ्या पॉलिसीच्या आधीचं. एजंटचा फोन लागेना. तीन आठवड्यांपूर्वी एका थर्मासमधून चहा पिणारे चौघे आता एकमेकांना ओळखतही नव्हते.

यात कर्ज देणाऱ्याची ऐट खास बघण्यासारखी आहे. त्याचं नाव गाडीच्या आरसीवर असतं. मोटार वाहन कायद्याच्या ५१व्या कलमानुसार त्याच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. कर्ज फिटल्यावर 'एचपी', म्हणजे आरसीवरची ही कर्जाची नोंद, उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म त्याच्याच सहीनं येतो. म्हणजे गाडी न्यायची असेल तेव्हा तिच्याशी त्याचं नातं रक्ताचं, आणि इंजिन बसलं की ओळखही नाही. हप्ता थांबवला तर पतगुणांक पडतो आणि वसुलीवाले दारात येतात. त्यांनी गुंड आणू नयेत, एवढं २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं आयसीआयसीआय बँकेच्या एका खटल्यात सांगून ठेवलं आहे. म्हणून गृहस्थ दर महिन्याच्या पाच तारखेला पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा हप्ता भरतात आणि कामावर बसनं जातात.

हे सगळीकडे असंच चालतं, असं समजू नये. अमेरिकेत १९७५ साली केलेल्या नियमानुसार विक्रेत्यानं जुळवून दिलेल्या कर्जाच्या करारात एक कलम छापावंच लागतं: विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाची जी तक्रार, ती कर्ज ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्धही चालेल. ब्रिटनमध्ये भाडेखरेदीवर घेतलेली गाडी सदोष निघाली तर जबाब फायनान्स कंपनीला द्यावा लागतो, कारण कायद्याच्या नजरेत माल तिनंच पुरवलेला असतो, आणि पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करता येते. तिथेही सगळे साधुसंत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे जे खटले निकाली निघाले, त्यांतला एक जुन्या गाडीचा होता. विक्रेत्याला कर्ज जुळवून दिल्याबद्दल सुमारे १,६५० पौंड मिळाले होते आणि घेणाऱ्याला हे नीट सांगितलंच नव्हतं. न्यायालयानं ती रक्कम व्याजासह घेणाऱ्याला द्यायला लावली. गाडी कुठली होती? सुझुकी स्विफ्ट. वारज्यातल्या टेबलाभोवतीच्या भावांमध्ये कुणाला किती मिळालं हे विचारायचं गृहस्थांना सुचलंच नाही.

आपल्याकडे कायदा झाला नाही असंही नाही. भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा संसदेनं १९७२ सालीच मंजूर केला. तो अंमलात यायची तारीख पुढे ढकलली गेली, ढकलली गेली, आणि अखेर २००५ साली, एकही दिवस न चालता, तो कायदाच रद्द झाला. तेहेतीस वर्षं शोरूममध्ये उभी राहून पहिला गिअरही न टाकता थेट भंगारात गेलेली ही देशातली एकमेव गाडी असावी.

गृहस्थांच्या हातात काहीच नाही असं मात्र नाही, आणि इथे थोडं गंभीर व्हायला हरकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, म्हणजे २० जुलै २०२० पासून लागू झालेला, हप्त्यानं घेणाऱ्यालाही ग्राहकच मानतो. गाडी जुनी आहे म्हणून हक्क कमी होत नाही, फक्त सहा वर्षांच्या गाडीकडून नव्या गाडीची अपेक्षा करता येत नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे वारजेकरानं पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. मुदत दोन वर्षांची. गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, आणि वकील सक्तीचा नाही. 'जशी आहे तशी' या ओळीला घाबरून जायचंही कारण नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार पाहून घेतलेल्या मालात जो दोष पाहताना दिसायला हवा होता तोच घेणाऱ्याच्या माथी येतो. असे हमीचे नियम करारानं बाजूला ठेवता येतात, हे खरं, पण गालिच्याखालचा गाळ झाकून 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' म्हणणं हे १८७२ च्या करार कायद्यातल्या फसवणुकीच्या व्याख्येत बसतं, आणि फसवणुकीला बारीक अक्षराचं पांघरूण पुरत नाही. करारच एकतर्फी आहे अशी तक्रार असेल तर मात्र जिल्हा आयोग ती ऐकू शकत नाही. त्यासाठी राज्य आयोगाची पायरी. अन्याय झाला तर पुण्यात या, अन्याय लिहून दिला असेल तर वर जा.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो विकणारा कोण यानं. ज्यानं आपली स्वतःची एकुलती एक गाडी विकली, तो 'मी कुठे व्यापारी?' म्हणत ग्राहक आयोगाच्या दारातून निसटू पाहतो, आणि मग दिवाणी कोर्टाची वाट उरते. दुकानदाराला ही पळवाट नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यानं आरटीओकडून प्रमाणपत्र घ्यायचं, ताब्यात आलेल्या गाडीची नोंद पोर्टलवर करायची, तिच्या प्रत्येक फेरीचा हिशेब ठेवायचा आणि ती ताब्यात असेपर्यंत तिचा मालक म्हणून जबाबदारी घ्यायची असा केंद्राचा नियम आहे. ते प्रमाणपत्र भिंतीवर कुठे लावलंय, एवढं विचारल्यावर थर्मासचं झाकण किती लवकर बंद होतं ते करून पाहण्यासारखं आहे.

आणखी एक युक्ती फुकट आहे. जुनी विमा पॉलिसी मागावी. पाच वर्षं 'एक ओरखडा नाही' असं सांगितलेल्या गाडीच्या मालकाला नो क्लेम बोनस शून्य असेल, तर ओरखडा कुठेतरी असावा अशी शंका घ्यावी.

न्याय मिळतो, पण त्याची गती शेजारच्या गोव्यातल्या एका प्रकरणात पाहावी. २०११ साली एका ग्राहकानं नवी गाडी म्हणून पैसे भरले आणि हाती आली ती २००९ च्या मॉडेलची, ६२२ किलोमीटर फिरलेली, खालून गंजलेली. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग असं करत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की दोष विक्रेत्याचा. उत्पादक टाटा मोटर्स आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र धंदे आहेत, आणि कंपनीला या प्रकाराची माहिती होती असं दाखवलं गेलं नाही, म्हणून कंपनी मोकळी. जाहिरातीत मात्र विक्रेत्याच्या दारावर कंपनीचीच पाटी असते. दहा वर्षांत जी नवी नव्हती ती गाडी रीतसर जुनी झाली.

हे सगळं त्या शहरात चाललं आहे, जिथे १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, देशात ग्राहक कायदा यायच्या बारा वर्षं आधी. पुणेकर गिऱ्हाईक दहा रुपयांच्या कोथिंबिरीची जुडी उलटी करून देठं मोजतं. साडेचार लाखांच्या गाडीचा गालिचा उचलायला मात्र त्याला संकोच वाटतो, कारण समोरचा चहा पाजत असतो.

गृहस्थांनी शेवटी तक्रार दाखल केली. कायदा म्हणतो, साधारण तीन महिन्यांत निकाल, माल तपासायला पाठवावा लागला तर पाच. दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागेल, म्हणून इंजिन उघडायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. इंजिन उघडलं नाही म्हणून गाडी हलत नाही, आणि गाडी हलत नाही म्हणून सोसायटीच्या कमिटीनं 'बंद वाहन त्वरित हटवावे' अशी नोटीस तिच्या वायपरला अडकवली आहे. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर वर १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं पक्कं केलं आहे. विक्रेत्याचं उत्तर चव्वेचाळिसाव्या दिवशी आलं: तक्रारदारानं गाडी पूर्ण तपासून, समाधान झाल्यावरच घेतली. कर्ज देणाऱ्या कंपनीचं उत्तर त्याहून छोटं होतं. आमचा या गाडीशी काहीही संबंध नाही, आम्हाला विनाकारण पक्षकार केलं आहे, आणि गाडी ही आमच्याकडे तारण असल्यामुळे ती आमच्या लेखी परवानगीशिवाय हलवू नये.