सटवाई, खाली सही करत जा

ति. सटवाईस,
सा. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितोय, कारण तुझा पक्का पत्ता कुणाकडेच नाही. वेशीबाहेर, बाभळीखाली, शेंदूर फासलेल्या दगडात तू असतेस म्हणतात. तेहतीस कोटींच्या यादीत तुझा नंबर पार तळाला. बहुतेक ठिकाणी डोक्यावर धड छप्पर नाही. ट्रस्ट आणि व्हीआयपी पास तर दूरच. बाईमाणसाला शिवी हासडायची झाली की लोक तुझं नाव घेतात, आणि लग्नाचा विषय निघाला की म्हसोबाशी तुझी जोडी लावून हसतात. खातं मात्र केवढं! पोर जन्मलं की पाचवी-सहावीच्या रात्री यायचं आणि त्याचा अख्खा जन्म कपाळावर लिहून जायचं. एवढ्या जबाबदारीचं काम इतक्या कमी मोबदल्यात करणारं दुसरं कुणी मला फक्त अंगणवाडीत भेटलं.

तुझी पूजा अलीकडेच एका ओळखीच्या घरी बघितली. पाटा मांडला होता, वरवंट्याला हळदकुंकू, बाजूला विळा, रात्रभर तेवणारी समई. आणि तुझ्या सोयीसाठी कोरा कागद आणि पेन. बाळाच्या बापानं नवंकोरं जेल पेन ठेवलं, तर त्याच्या आजीनं ते उचलून बॉलपेन ठेवलं. म्हणाली, "जेल फिसकटतं. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे." सकाळी बापानं गुपचूप कागद उलटसुलट करून पाहिला. कोराच होता. त्याला जरा हायसं वाटलं असावं, असा माझा अंदाज.

पण बये, हल्ली तू पोचायच्या आधीच दुसरा एक जण लिहून मोकळा होतो, हे तुझ्या कानावर आलंय का? सिझेरियन करायचंच आहे तर मुहूर्तावर करू, असं म्हणणारी घरं आता कमी नाहीत. पत्रिका आधी बनते, मूल नंतर. डॉक्टरला सांगतात, "अकराच्या आत काढा, मग राहुकाळ लागतो." आणि भूल देणारा डॉक्टर ट्रॅफिकमध्ये अडकलेला. सिग्नल हिरवा झाला नाही म्हणून ग्रह बदलले, तर त्याचा जाब शनीला विचारायचा की वाहतूक शाखेला? जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २००८ च्या सुमारास ज्योतिषांची एक साधी परीक्षा घेतली होती. दोनशे मुलांच्या पत्रिका, त्यातली शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका दिल्या आणि ओळखा म्हटलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी सेहेचाळीस टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. निकाल छापून आला, आणि एकाही ज्योतिषाच्या दारची चपलांची रांग कमी झाली नाही.

असो. तो तुमच्या दोन खात्यांमधला वाद. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे: तू न लिहिलेल्या मजकुरावरही आम्ही तुझंच नाव घालतो.

गिरणगावाचंच बघ. परळ-लालबागचा कामगार दिवसभर खात्यात कापसाचं सूत काढायचा आणि संध्याकाळी त्याच कापसाच्या भावावर आकडा लावायचा. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला, कितीला बंद झाला, ते मुंबईत कळायचं आणि त्यावर चाळीचाळीतून चार-आठ आणे लागायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे भाव यायचे थांबले. धंदा कसला थांबतोय! कल्याणजी भगत आणि त्यांच्यामागून रतन खत्री यांनी आकडे इथंच काढायला घेतले. ओपन, क्लोज, जोडी, पाना. मडक्यातल्या चिठ्ठ्यांवरून त्याला नाव पडलं मटका. पोलीस धाडी घालत राहिले आणि सरकारनं १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी सुरू केली. तिकिटावर शासनाचं नाव आलं की जुगाराला महसूल म्हणतात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि बहुतेकांना परत आत जायला गेट राहिलं नाही. लोक म्हणाले, नशीब फुटलं. चल, एवढं तुझ्या खात्यावर घालू. तुझी पाठ मोठी आहे.

पुढचं मात्र घालू देणार नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आता वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या असलेल्या तुकड्याची. आता गिरणीत मोकळं काय असतं? चिमणीभोवतीचं आवार आणि गेटजवळ सायकली लावायची जागा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती कायम केली. मालकांच्या वाट्याच्या जमिनीवर टॉवर चढले. मग २०१२ मध्ये म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडत काढली. घरं सात हजारांच्या आत, अर्ज लाखाच्या वर. ज्याचा नंबर लागला त्याच्या तोंडात पेढा, आणि ज्याचा लागला नाही त्याच्या खांद्यावर हात: "नशिबात नव्हतं हो, काका."

आता तूच सांग. काकांचं घर कुणी खोडलं? तू तर पाचवीच्या रात्री येऊन गेलीस, त्यालाही साठेक वर्षं झाली. दुरुस्तीचा मसुदा टाइप झाला, त्यावर टिपणी चढली, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, सह्या झाल्या, राजपत्रात आलं. इतकं शुद्ध सरकारी मराठी तुला लिहिता येत असेल असं मला वाटत नाही.

शाळेचंही तेच चाललंय. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबाघरच्या मुलांना. अर्ज जास्त आले की सोडत, आणि आईबाप मोबाइल उशाशी घेऊन एसएमएसची वाट बघतात. हक्काला कधी सोडत लागते का गं? पण मिळालं तर देवीची कृपा आणि नाही मिळालं तर पोराचं कपाळ, म्हणजे जागा कमी का आहेत हे विचारायला कुणी उरतच नाही. तुझ्यासारखी गुणी देवता कुठल्याही सरकारला हवीच. मोर्चा काढायला निघालेला माणूस तुझं नाव ऐकून घरी परततो.

बरं, ज्यांचं बरं चाललंय त्यांच्या तोंडी तुझं नाव मी कधी ऐकलं नाही. आजोबांनी दादरला पागडीवर खोली घेऊन ठेवली, इमारतीचं पुनर्विकासात सोनं झालं, नातू त्यावर परदेशी शिकून आला. त्याला विचार, हे कसं जमलं? म्हणेल, "हार्ड वर्क." त्यानं कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही. पण तू एखादी ओळ खरोखर लिहितच असशील, तर ती हीच: कुणाच्या घरी, कुठल्या गल्लीत, कुठल्या जातीत पोर टाकायचं. बाकी बरंचसं आम्ही इथं खालीच लिहितो, आणि तेवढी एक ओळ सोडून उरलेल्या सगळ्याचं बिल तुझ्या नावावर फाडतो.

तेव्हा माझी विनंती लहानशी आहे. यापुढे लिहून झालं की खाली सही करत जा, तारीख टाक आणि जमलं तर जावक क्रमांकही. ज्या कपाळावर तुझी सही नाही, तिथला मजकूर कुणाचा आहे ते आम्ही माहितीच्या अधिकारात शोधून काढू. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. बकरं कापण्यापेक्षा स्वस्तच.

तुझा,
एक अर्जदार

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी: नगरविकास विभाग, मंत्रालय. उत्तर न आल्यास ते आमचं नशीब समजलं जाणार नाही. तीस दिवसांनी अपील केलं जाईल.