धावताना नाडी सुटल्यास

लाखांदूर तालुक्यात पहाटे जीव तोडून धावणारा माणूस दिसला तर घाबरू नये. तो पोलीस भरतीचा उमेदवार असतो. वडशाकडचा रस्ता घ्या की साकोलीकडचा, हिवाळ्यात धुक्यातून आधी बुटांचा आवाज येतो आणि पोरं मागाहून दिसतात. शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्याला २० गुण. शंभर मीटरला आणखी १५. दम कसा वाढवावा, काय खावे, पोटऱ्यांना कोणते तेल लावावे, यावर फुकट सल्ला देणारे चहाच्या टपरीवर रांगेने बसलेले असतात. ट्रॅक पँटच्या नाडीविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन जनहितार्थ सादर.

प्रथम व्याप्ती. येथे फक्त किरकोळ वस्त्रसंकटाचा विचार केला आहे: नाडी, लेस, बूट, चप्पल, ओढणी, पदर आणि छातीवरचा क्रमांक. मागे लागलेले कुत्रे, रस्त्यात आडवी बसलेली म्हैस आणि समोरून येणारे होणारे सासरे ही संकटे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहेत.

नाडीला दोन रोग होतात, सुटणे आणि आत जाणे. सुटलेली नाडी निदान हाताला लागते. आत गेलेली नाडी हे जुने दुखणे. धुण्यात तिचे एक टोक नेफ्यात सरकते, दुसरे हातभर लोंबत राहते, आणि हा शोध लागतो तो पहाटे साडेचारला, नेमकी लाइट गेलेली असताना. मग सेफ्टी पिनेसाठी अख्खे घर उठते. पिन टोकाला अडकवून नीट बंद करावी. अर्धवट बंद केलेली पिन नेफ्याच्या बरोबर मध्यावर उघडते आणि तसे बोटाला कळवते. मग कापडावरून चाचपत पिन पुढे ढकलायची, नेफा चुण्या चुण्या करून तिच्यावर गोळा करायचा, मागून ओढून सरळ करायचा, पुन्हा गोळा करायचा. शिवणीच्या जोडापाशी ती हमखास अडते. तिथे जोर करू नये, पिन आडवी होते आणि सगळे पहिल्यापासून. टोक बाहेर आले की दोन्ही टोकांना एकेक जाड गाठ मारून ठेवावी. एवढे आदल्या रात्री केले तर उरलेले मार्गदर्शन वाचण्याची गरज नाही, पण आदल्या रात्री कोणी काही करत नाही हे गृहीत धरून पुढे जाऊ.

धावता धावताच कंबर ढिली झाली तर? याचे प्रात्यक्षिक २०२५ च्या जूनमध्ये चेक प्रजासत्ताकात ओस्ट्रावा येथे झाले. अमेरिकेचा ख्रिस रॉबिन्सन ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला होता. या शर्यतीत दहा अडथळे असतात. अकरावा त्याला स्वतःच्या चड्डीने पुरवला. दोन अडथळ्यांच्या मध्ये हात खाली, सावरासावर, हात वर, उडी, पुन्हा हात खाली. हे एकदा नाही, अनेकदा झाले. आणि तो पहिला आला. अभ्यासकांनी यातून पद्धत लक्षात घ्यावी. सावरायचे ते सपाटीवर, उडीच्या वेळी नाही. एकाच हाताने, कारण दुसरा हात तोल राखायला लागतो. आणि मान खाली न घालता, कारण नजर खाली गेली की अडथळ्यापर्यंतच्या पावलांचा हिशेब चुकतो. लाखांदूरचे बघे असते तर कडेने कोणीतरी ओरडलेच असते, ‘तू धाव ना गा, पँटचं मंग पाहू!’ शास्त्रशुद्ध सल्ला याहून वेगळा नाही.

आता लेस. लेस आपोआप का सुटते यावर अमेरिकेतील बर्कली येथील अभियंत्यांनी २०१७ मध्ये रीतसर शोधनिबंध प्रसिद्ध केला आहे, तेव्हा ‘तुझंच लक्ष नसते’ हा घरच्यांचा आरोप यापुढे मान्य करू नये. त्यांनी धावणाऱ्या पायाचे अतिमंद गतीने चित्रण केले. पाय जमिनीवर आदळला की गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का गाठीला बसतो आणि ती सैल होते. त्याच वेळी पुढेमागे झुलणारी मोकळी टोके तिला बाहेर ओढत राहतात. बराच वेळ काही होत नाही, आणि सुटायला लागली की दोन-चार पावलांत सगळे संपते. उपाय सोपा आहे. लेसचे फूल बुटावर आडवे बसले असेल तर सुरगाठ बरोबर पडली. फूल बोटांकडून टाचेकडे उभे फिरले असेल तर गाठ कच्ची. सुरुवातीचा पहिला वेढा उलट्या बाजूने घेतला की झाले. काही जण वैतागून सरळ निरगाठ मारतात. तीही टिकते, फक्त संध्याकाळी ती सोडवायला दात लागतात.

सर्वांत गाजलेले संकट म्हणजे बूटच निघून जाणे. इथे आपल्या बाजूने खुद्द जागतिक अॅथलेटिक्स संघटनेचा नियम आहे. खेळाडूने अनवाणी धावावे, दोन्ही पायांत पादत्राण घालून धावावे किंवा एकाच पायात घालून धावावे, तिन्हीला स्पष्ट मुभा. एका पायात! हा नियम लिहिणाऱ्याने कधीतरी आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवाबाहेर चप्पल शोधलेली असणार. कपड्यांबाबत अपेक्षा एवढीच की ते स्वच्छ असावेत, आक्षेपार्ह नसावेत आणि ओले झाले तरी आरपार दिसू नये. नाडीचा उल्लेख नाही. भरतीच्या मैदानावर अर्थातच तिथल्या साहेबांच्या सूचना चालतात.

या मुभेचा पुरेपूर उपयोग इथिओपियाच्या एतेनेश डिरोने केला. २०१६, रिओ ऑलिंपिक, ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी. या शर्यतीत अडथळ्यांवरून २८ वेळा आणि पाण्याच्या खड्ड्यावरून ७ वेळा जावे लागते. डिरो आघाडीवर होती. मागे धावणाऱ्यांची पाडापाडी झाली, तीत तिचा बूट फाटून अर्धा निघाला. ती थांबली, बूट चढवून पाहिला, चढेना, तेव्हा काढून फेकला. मग मोजाही काढून फेकला, आणि उरलेली शर्यत एक पाय बुटात, एक पाय उघडा अशी पुरी केली. मोजा काढणे ही यातली खरी हुशारी. ओला मोजा घसरतो. उघडी टाच निदान पकड घेते. ती सातवी आली, म्हणजे बाद. पण दाद मागितल्यावर तिला अंतिम फेरीत जागा मिळाली. त्याच अंतिम शर्यतीत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर धावली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती तिथे पोचली होती आणि अंतिम फेरीत दहावी आली. दोन्ही बूट शाबूत, हे नोंदवायला हरकत नाही.

डिरो थांबली. केनियाचा मोझेस तानुई थांबला नाही. १९९३ मध्ये स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत दहा हजार मीटरची शेवटची फेरी सुरू होत असताना हाइले गेब्रेसेलासीचा पाय त्याच्या टाचेवर पडला. बूट सैल झाला तसा तानुईने तो झटकून टाकला आणि संतापाच्या भरात असा सुटला की बरेच अंतर पडले. गेब्रेसेलासीने त्याला शेवटच्या सरळ पट्ट्यात गाठले, तानुई दुसरा. अंतर थोडे उरले असेल तर फेका आणि पळा, हे यावरून ठरते. बूट निघत नसून आतूनच बंड करत असेल, तर किपचोगेकडे पाहावे. २०१५ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये एलिउड किपचोगेच्या दोन्ही बुटांतले आतले तळवे घोट्याशी बाहेर येऊन फडफडत होते. पायाला फोड आले, रक्त आले. तो २ तास ४ मिनिटांत पहिला आला. आबेबे बिकिलाला तर १९६० मध्ये रोमला मापाचा बूटच मिळेना. तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून गेला.

मात्र रोमची गोष्ट ऐकून लाखांदूरला चप्पल भिरकावू नये. धान कापल्यावर बांधीत धसकटं उभी असतात, रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे, आणि मे महिन्यात इथल्या डांबरावर अनवाणी धावणारा वेग वाढवतो तो पदकासाठी नव्हे.

ओढणी आणि साडी यांबाबत पुरुष प्रशिक्षकांचे ज्ञान ‘नीट बांध’ याच्या पुढे जात नाही. ओढणी एका खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला निरगाठीने बांधावी, टोके आत खोचावीत. साडीच्या बाबतीत अधिकारी व्यक्ती म्हणजे बारामतीच्या लता भगवान करे. पतीच्या आजारपणात तपासण्यांना पैसे हवे होते, म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई बारामती मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात उतरल्या, नऊवारी नेसून, अनवाणी, आणि जिंकल्या. पुढेही जिंकत राहिल्या. त्यांच्यावरच्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. नऊवारीत सव्वाआठ मीटर कापड असते, पण कासोटा मागे पक्का खोचला की दोन्ही पाय सुटे होतात आणि पदर कमरेला जातो. शेतात रोवणी करणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. नव्या मुलींनी ट्रॅक पँट घालावी, पण बांधायचे कसे ते आजीला विचारावे.

कापड कमी पडण्याऐवजी जास्त झाले तर कात्री. १९०४ मध्ये सेंट लुइसच्या ऑलिंपिक मॅरेथॉनला क्यूबाचा पोस्टमन फेलिक्स कार्वाहाल लांब विजार आणि रोजचे जाड बूट घालून आला. शर्यत सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या एका खेळाडूला दया आली, त्याने विजार गुडघ्याशी कापून दिली. कार्वाहाल चौथा आला. कात्री मात्र सुरुवातीच्या रेषेअलीकडेच चालवावी, आणि भावाच्या पँटवर चालवू नये.

दाद कधी मागावी, हेही माहीत हवे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०१९ मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे अडखळला. भारताने दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत घेतले, आणि तिथे त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे अडथळा दुसऱ्याने केला असेल तर अर्ज चालतो. नाडी आपली, गाठ आपली, तर अर्ज कोणाविरुद्ध करणार? भरतीच्या मैदानावर ‘साहेब, नाडी’ असे म्हणून दुसरी संधी मिळण्याची आशा धरू नये.

शेवटची सूचना विजयाच्या तोंडावर असलेल्यांसाठी. निकाल धड रेषेवर पोचले की लागतो. बूट, टोपी, पदर यांचे काही मोजत नाहीत. पण क्रमांक अंगावर दिसत राहावा लागतो, म्हणून तो चार कोपऱ्यांना चार पिनांनी लावावा आणि कितीही आनंद झाला तरी बनियन काढू नये. २०१४ मध्ये झुरिकच्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्सचा माहिदिन मेखिसी स्टीपलचेसमध्ये इतका पुढे होता की शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याने बनियन काढून दातात धरले आणि तसाच पहिला आला. आधी पिवळे कार्ड मिळाले. मग स्पेनने तक्रार केली, सुवर्णपदक गेले आणि ते त्याच्याच देशाच्या योआन कोवालला मिळाले. मेखिसी त्याच स्पर्धेत १५०० मीटरला पुन्हा उतरला आणि सुवर्ण घेऊन गेला, या वेळी बनियनासह.