सीलबंद श्रीमंती

देवास जिल्ह्यातल्या हाटपिपल्याच्या बाजारात दहाचं नाणं पुढे केलं, की दुकानदार विंचू दिसल्यासारखा हात मागे घेतो. या नाण्याचे सगळे १४ नमुने वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं. पण गल्ल्यापुढे बँकेचं काय चालणार! तीच शंभर नाणी टांकसाळीच्या सीलबंद पिशवीत असली, तर संग्राहक हजार रुपये देऊन वर वर्ताळाही आनंदाने मोजतात. धन्य ती दृष्टी! जे खर्चता येत नाही, तेच खरं धन. या न्यायाने देवासच्या बँक नोट प्रेसनेही नोटा छापून गोदामातच कुलूपबंद ठेवाव्यात. जिल्हा रातोरात कुबेर होईल. संग्राहकांना एकच नम्र विनंती : पिशवी फोडू नका. फोडलीत, तर आतून नुसते पैसे निघतील.