आधी तिरडी, मग पहारा

अमेरिकेच्या अध्यक्षामागे काळा चष्मा लावून, कानात वायर खुपसून उभे असतात ते सिक्रेट सर्व्हिसवाले. या खात्याचा जन्म ५ जुलै १८६५चा. लिंकनला गोळी लागली त्याच वर्षीच्या एप्रिलात. म्हणजे ठेच लागून शहाणे झाले? छे! खातं निघालं खोट्या नोटा पकडायला. यादवी युद्धाच्या धामधुमीत बाजारातल्या तीन नोटांमागे एक बनावट, असा अंदाज होता. सरकार शेवटी सावकारच. आधी तिजोरी बघणार.

लिंकनची राखण यांच्या वाट्याला आली ती अकरा वर्षांनी, तो थडग्यात असताना. १८७६ साली शिकागोच्या नोटाछापू टोळीचा ठसे कोरणारा कारागीर गजाआड होता आणि धंदा बसला होता. टोळीने ठरवलं, लिंकनची शवपेटी पळवायची. बदल्यात कारागीर सोडवायचा, वर दोन लाख डॉलर उकळायचे. खबऱ्याने बेत फोडला. स्प्रिंगफील्डच्या स्मारकात खात्याची माणसं दबा धरून बसली, पावलं वाजू नयेत म्हणून बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. ऐन वेळी एकाचं पिस्तूल आपोआप उडालं. चोर पसार! मग अंधारात यांनी गोळ्या झाडल्या, त्या आपल्याच जोडीदारांवर. चोर पुढे शिकागोत सापडले; खटला उभा राहिला पेटीचोरीचा. पेटीची किंमत लावली ७५ डॉलर. आतल्या ऐवजाची कुणी लावली नाही.

सप्टेंबर १९०१मध्ये ती पेटी पोलादी पिंजऱ्यात घालून काँक्रीटमध्ये गाडली. मेलेला अध्यक्ष एकदाचा सुरक्षित झाला. त्याच महिन्यात बफेलोत जिवंत अध्यक्ष मॅकिन्ली लोकांशी हस्तांदोलन करत होता. रांगेतल्या एकाच्या हाताला रुमाल गुंडाळलेला, रुमालाखाली पिस्तूल. खात्याची माणसं तिथेच उभी होती! त्यानंतर, १९०२पासून, अध्यक्षाला पूर्णवेळ पहारा मिळाला. उमेदवारांना मिळाला १९६८ साली, रॉबर्ट केनेडी गेल्यावर. प्रत्येक बढतीला एक प्रेतयात्रा.

जुलै २०२४मध्ये बटलर गावातल्या सभेत ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली, आणि सभेला आलेल्या एकाचा जीव गेला. समोरच्या छपरावर खात्याचा माणूस का नव्हता? छप्पर उतरतं होतं, तिथे माणूस चढवणं धोक्याचं, असं संचालकबाईंनी सांगितलं. वीस वर्षांचा एक पोरगा मात्र बंदूक घेऊन त्याच छपरावर निवांत आडवा झाला होता. दहा दिवसांत बाईंनी राजीनामा दिला.