वारा बघून बोट वळवणाऱ्या तांडेलास अनावृत पत्र

प्रति,
तांडेलकाका,
मु. देवबाग, ता. मालवण.



दिवाळीच्या सुटीत अख्खी बोट स्वतःच्या नावावर घेऊन भर समुद्रात मासे गरवायला निघालेली, जळगाव-धुळ्याकडची जी मंडळी तुम्ही कर्ली खाडीच्या तोंडावरून परत आणून वाळूवर उतरवलीत, ती मंडळी म्हणजे आम्ही. वेगळी ओळख द्यायची गरज नाही. उतरल्या उतरल्या जे तिघं गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत, त्यावरून आठवेल. तुम्ही मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीत, बोटीची दोरी बांधत राहिलात. मग तेलाचे तेवढे कापून बाकीचे पैसे मोजून हातावर ठेवलेत. काका, ही पद्धत बरी नाही. आमच्याकडे आधी भांडण होतं, मग चहा होतो, मग पैसे मिळत नाहीत. तुम्ही तर भांडायला जागाच ठेवली नाही. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट अंतराची. रावेरहून देवबाग सातशे किलोमीटरच्या वर. क्रुझरमध्ये गुडघे छातीला लावून, रात्रभर एकच गाणं ऐकत, फोंडाघाटाच्या वळणांवर एकमेकांच्या अंगावर पडत आम्ही आलो. एवढं अंतर तोडून आलेल्या माणसासाठी समुद्रानं निदान दुपारपर्यंत तरी शांत बसायला काय हरकत होती? बुकिंग दिवाळीच्या आधीच केलं होतं. पावती आमच्याकडे आहे. तुम्ही ती पावती पाहिली नाहीत, आभाळ पाहिलंत.

दुसरं असं, की आम्हाला उपरे समजू नका. मुलताईला उगम पावणारी आमची तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेपुढे तुमच्याच अरबी समुद्राला मिळते. वाटेत चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, मुडावदला धुळ्याची पांझरा. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात, तेव्हाचं पाणी कुठं जातं असं वाटतं तुम्हाला? मध्ये उकाईवाले अडवून धरतात, ते सोडा. हिशोबाला बसलं तर त्या समुद्रात आमचाही हिस्सा निघतो. सातबाऱ्यावर नाव चढलेलं नाही, एवढंच.

आता हवामानाकडे येऊ. सकाळी सहाला आम्ही टोप्या घालून हजर. ऊन पडलेलं, ढगाचा पत्ता नाही. तुम्ही आलात, समुद्राकडं बघत बिडी ओढलीत आणि म्हणालात, "वारो बरो नाय. आज भायर जावचा नाय." धुळ्याचे नाना म्हणाले, "काका, पाऊस कुठाय?" आमच्याकडे खराब हवा म्हणजे पाऊस किंवा ४५ अंशांचं ऊन, तिसरा प्रकार नाही. त्यावर तुम्ही मोबाइल काढून दाखवलात. खोल समुद्रात कमी दाबाचा पट्टा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा वारा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. बंदरावर तीन नंबरचा बावटाही लागलेला. आमच्यातल्या आप्पांनी तिथल्या तिथे चौकशी केली, तर बावट्याचे एकूण ११ नंबर असतात. म्हणजे अजून आठ बाकी होते. तिसऱ्यालाच माघार?

आणि लाटांचा अंदाज म्हणे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा. हैदराबादला समुद्र आहे का? नाही. जळगावला आहे का? नाही. मग समुद्राविषयी त्यांचं ऐकायचं आणि आमचं नाही, हा कुठला न्याय?

सुट्यांचंही बोलायला हवं. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी सरकारनं तुम्हाला दिलेलीच आहे. त्या काळात मासे अंडी घालतात, दर्या खवळलेला असतो, वगैरे आम्ही वाचलं. ठीक. पण नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहिला, की मामला मिटला ना? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्रानं पुन्हा उचल खायची, तीसुद्धा शाळांना सुट्या लागल्यावर, हे करारात बसत नाही. हे म्हटल्यावर तुम्ही एकच शब्द बोललात, "फयान." आणि गप्प झालात. आप्पांनी विचारलं, "हा कुठला मासा? तळायचा की रस्सा करायचा?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुमच्या हाताखालच्या पोरानं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की ११ नोव्हेंबर २००९ ला या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाचं ते नाव. बाहेर गेलेल्या बोटी, न परतलेली माणसं. दिवाळीनंतरचेच दिवस होते. यावर काय बोलावं ते कुणाला सुचेना, म्हणून आम्ही लाइफ जॅकेटचे पट्टे कसे लावतात ते विचारलं.

तुम्ही तोडगा काढलात, की खाडीच्या आतच गरी टाका, तांबोशी लागते, शिंगाळा लागतो. काका, आतलं पाणी बघायला आम्ही सातशे किलोमीटर आलो नव्हतो. मरळ आणि वाम आमच्या तापीतही मिळतात. आम्हाला सुरमई हवी होती, दोन्ही हातांवर आडवी धरून फोटो काढण्याच्या मापाची. आप्पांनी वरचे पैसे काढले, तेही तुम्ही घेतले नाहीत. शेवटी म्हणालात, "चला, तोंड दाखवतंय." आम्हाला वाटलं, जिंकलो.

तोंड तुम्ही नीट दाखवलंत. आतमध्ये खाडी झोपल्यासारखी होती. पुढं ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर ओढत होतं आणि समोरून वारा लाटांना आत रेटत होता. दोघांची गाठ वाळूच्या दांड्यावर पडत होती आणि तिथं पाणी चक्क उभं राहत होतं. पहिल्या लाटेला नाळ वर गेली तेव्हा आम्ही ओरडलो, जत्रेतल्या पाळण्यात ओरडतो तसे. दुसरीला नानांचा व्हिडिओ कॉल बंद पडला. तिसरीनं कोळंबीच्या आमिषाचा डबा आमच्या जिभाऊंच्या मांडीवर पालथा केला. जिभाऊ एवढंच म्हणाले, "आते कसं व्हई रे भो?" आदल्या रात्री मुद्दाम बामणोदची वांगी आणून केलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी आम्ही पहाटे पोटभर खाल्ली होती. तुम्ही लोक दर्याला नारळ देता, आम्ही ते दिलं. गाडी लागणारा एकही माणूस आमच्यात नाही. बोट मात्र सगळ्यांना लागली.

त्या वेळी तुमचं वागणं अजिबात ग्राहकाभिमुख नव्हतं, हे खेदानं नमूद करतो. तुम्ही अनवाणी उभे होता, एक हात इंजिनाच्या मुठीवर, आणि आमच्याकडे बघतच नव्हता. डोळे सगळे लाटांच्या मागच्या लाटांवर. इंजिन हळू करून तुम्ही नुसतं थांबलात. नाना ओरडले, "अहो, वळवा ना!" तुम्ही वळवली नाहीत. एक मोठी गेली, तिच्यामागची गेली, तिच्याही मागची गेली. मग पाणी जरा सपाट झाल्याबरोबर "खाली बसा!" असं ओरडून तुम्ही एका झटक्यात बोट फिरवलीत. रावेर तालुक्यात ज्यांच्या शब्दाला मान आहे, अशी माणसं कोळंबीच्या पाण्यात मांडी घालून बसली. पुढची मोठी लाट आली तेव्हा ती बोटीच्या मागे होती. ती बोटीच्या कुशीवर आली असती तर काय झालं असतं, हे तुमच्या पोरानं नंतर चहा पिताना सांगितलं. न विचारता सांगितलं, याचीही नोंद घ्यावी.

आता शेवटचं, आणि हे जिभाऊंनी खास लिहायला सांगितलंय. रावेरला त्यांची केळी आहे. गेल्या मे महिन्यात घडांनी लदलेली बाग चार वाजता उभी होती, सव्वाचारला झोपली. फळपीक विम्यात केळीसाठी वाऱ्याची अट आहे ताशी ४० किलोमीटरची. तेवढा वारा सुटला तर भरपाई. या अटीला जिभाऊंचा पूर्ण पाठिंबा आहे. चाळीसचा वारा काय करतो, हे ते कंबरेत मोडलेल्या खोडाचे फोटो घेऊन तलाठ्यापासून थेट आमदारांपर्यंत सगळ्यांना समजावत फिरले. तेच जिभाऊ त्या दिवशी किनाऱ्यावर तुम्हाला म्हणाले, "पंचेचाळीस म्हणजे काय वारा आहे का?" हे खरं आहे. यात विसंगती काही नाही. तिकडे केळी होती, इकडे नुसते आम्ही होतो.

अडचण अशी झाली, की त्यांच्या भागातल्या यंत्रात मे महिन्यातला तो वारा ३८ भरला. वरचे दोन किलोमीटर कुठं गेले, कुणी सांगत नाही. तेव्हा जिभाऊंची विनंती आहे, की आखाजी झाली की तुम्ही रावेरला या. जाण्यायेण्याचा खर्च आमचा. आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी मिळेल. केळीच्या बांधावर खाट टाकून देऊ. तुम्ही फक्त सकाळी बिडी ओढत आभाळाकडं बघायचं, वारा किती ते बोलायचं आणि आम्ही लिहून आणलेल्या कागदावर सही करायची. तुमचा वारा चुकत नाही, असं शपथेवर सांगायला बोटीतली सगळी माणसं तयार आहेत.

कळावे,
आपले,
खान्देशातील बोट लागलेले ग्राहक

ता. क. आमिषाच्या डब्याचे पैसे तुम्ही कापायचे विसरलात. ते मे महिन्यात आलात की देऊ.